आरोग्य खातं 'वर्क फ्रॉम होम' करू शकतं का? मुंबईच्या उपनगरांचा अनुभव काय सांगतो

कोरोनाच्या लाटा ओसरून काही वर्षं झाली, पण त्या काळात लागलेल्या काही सवयी सरकारी कामकाजात तशाच राहिल्या. आढावा बैठक व्हिडिओ कॉलवर होते, आदेश व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात, नोंदणी ॲपवर होते आणि परिस्थिती कशी आहे हे डॅशबोर्डवर बघितलं जातं. बोरिवली किंवा मुलुंडहून सीएसएमटीपर्यंतचा लोकलचा प्रवास वाचतो, वेळ वाचतो. यात वाईट काही नाही.

पण सार्वजनिक आरोग्याचं काम बँकेसारखं नसतं. बँकेच्या दारात जो येतो तो ग्राहक. आरोग्य खात्याचं खरं काम मात्र जो दारात येत नाही, फोन करत नाही, ॲप उघडत नाही, त्याच्यापासून सुरू होतं. त्यामुळे लांबून काम करताना आरोग्य अधिकाऱ्यांच्या नजरेतून नेमकं काय सुटतं, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मुंबईच्या उपनगरांमध्ये २०२० ते २०२२ या काळात जे घडलं, त्यात या प्रश्नाची बरीचशी उत्तरं आहेत.

मुंबईत 'आरोग्य खातं' म्हणजे नक्की कोण?

मुंबई महापालिकेचा कारभार वॉर्डांमधून चालतो. कोरोनाच्या काळात असे २४ वॉर्ड होते. अंधेरी पूर्व के-पूर्वमध्ये येतं आणि अंधेरी पश्चिम के-पश्चिममध्ये. बोरिवलीचा वॉर्ड आर-मध्य, दहिसरचा आर-उत्तर, घाटकोपरचा एन आणि मुलुंडचा टी.

प्रत्येक वॉर्डाचा प्रमुख सहायक आयुक्त असतो. त्याच्याबरोबर वॉर्डाच्या आरोग्याची जबाबदारी सांभाळणारा वैद्यकीय अधिकारी असतो. महापालिकेत त्याला 'एमओएच' म्हणतात. त्याच्या हाताखाली दवाखाने आणि आरोग्य केंद्रं, म्हणजे 'हेल्थ पोस्ट' असतात. आणि सगळ्यात शेवटी, किंवा खरं तर सगळ्यात पुढे, आरोग्य सेविका असतात.

वस्तीत कोण गरोदर आहे, कोणत्या बाळाचा डोस राहिलाय, टीबीची औषधं कोणी मध्येच सोडलीत, हे या बायकांना माहीत असतं. कारण त्या बहुतेकदा त्याच भागात राहतात आणि रोज त्याच गल्ल्यांमधून फिरतात. त्यांना पगार नाही, मानधन मिळतं. त्यासाठी त्यांची आंदोलनंही होत आली आहेत.

मग घरून काम कोणी केलं?

मार्च २०२० मध्ये राज्य सरकारने सरकारी कार्यालयांमधली उपस्थिती टप्प्याटप्प्याने कमी करत पाच टक्क्यांवर आणली. आरोग्य ही अत्यावश्यक सेवा असल्यामुळे तिला यातून सूट होती. दवाखाने सुरू होते, आरोग्य सेविका पीपीई किट मिळण्याआधीपासून वस्त्यांमध्ये फिरत होत्या.

म्हणजे मुंबईचं आरोग्य खातं घरी बसलं, असं म्हणणं चूक ठरेल. पण त्या कामाचे काही भाग लोकांपासून लांब गेले. निर्णय घेणाऱ्यांच्या बैठका, मदत मागण्याची पद्धत, रुग्णांवर लक्ष ठेवण्याची पद्धत आणि पुढे लसीची नोंदणी, हे सगळं फोन आणि स्क्रीनवर आलं. त्यामुळे जमिनीवर फिरणारा माणूस आणि निर्णय घेणारा माणूस यांच्यामध्ये आकड्यांचा एक पडदा उभा राहिला.

त्या पडद्यातून काय सुटलं, ते आता बघू.

पहिली गोष्ट : फोनवर फक्त फोन करणाराच दिसतो

सुरुवातीला मुंबईत बेड हवा असेल, ॲम्ब्युलन्स हवी असेल तर १९१६ हा महापालिकेचा हेल्पलाइन नंबर होता. अख्ख्या शहराचा भार एका नंबरवर होता. तिकडे फोन उचलणाऱ्याला मुलुंडची कॉलनी आणि अंधेरीची चाळ सारखीच. पलीकडून येणारा आवाज एवढीच माहिती.

जून २०२० पासून महापालिकेने ही व्यवस्था मोडून वॉर्डांमध्ये वाटली. प्रत्येक वॉर्डात स्वतंत्र वॉर रूम आली. तपासण्यांचे अहवाल एका ठिकाणी गोळा करून वॉर्डनिहाय वाटले जाऊ लागले आणि रुग्णाला त्याच्याच वॉर्डातून फोन जाऊ लागला. फोन तोच होता, पण पलीकडच्या माणसाला गल्ली माहीत होती. अमुक वस्तीत ॲम्ब्युलन्स कुठपर्यंत जाते, अमुक सोसायटीचा सेक्रेटरी कोण, ही माहिती कामी आली.

तरीही फोनची मर्यादा एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पुन्हा उघडी पडली. मुंबईत तेव्हा दिवसाला ११ हजारांहून जास्त रुग्ण सापडल्याची नोंद झाली होती. बेड कोणाला आधी द्यायचा हे फोनवरच्या बोलण्यावरून ठरवणं अवघड होतं. जो इंग्रजीत ऑक्सिजन लेव्हल सांगतो, ज्याच्या ओळखी आहेत, ज्याच्या घरात ऑक्सिमीटर आहे, त्याचं बोलणं जास्त 'सीरियस' वाटू शकतं. म्हणून एप्रिलच्या अखेरीला महापालिकेने ठरवलं, की वॉर्डाच्या पथकाने रुग्णाच्या घरी जाऊन तपासायचं आणि मगच बेड द्यायचा. ज्या यंत्रणेची सगळी मदार फोनवर होती, तिलाच शेवटी दारावर जावं लागलं.

दुसरी गोष्ट : 'वेगळ्या खोलीत राहा' हे कोणाला सांगताय?

लांबून दिलेला सल्ला बहुतेक वेळा सल्ला देणाऱ्याच्या घरासारखा असतो. 'स्वतंत्र खोलीत राहा, वेगळं बाथरूम वापरा' हे वाक्य दोन बीएचकेमध्ये चालतं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण आणि संडास सार्वजनिक, तिथे त्याला अर्थ राहत नाही.

धारावीत हे लवकर लक्षात आलं. तिथे पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. महापालिकेने तिथल्या खासगी डॉक्टरांना बरोबर घेतलं, वस्तीत ताप तपासणी शिबिरं लावली आणि घरात जागा नसलेल्यांसाठी विलगीकरण केंद्रं उघडली. लोक ज्या डॉक्टरकडे वर्षानुवर्षं खोकल्याचं औषध घ्यायला जातात, तोच दारात आला तर दार उघडलं जातं, हा साधा हिशेब होता.

पुढे रुग्ण उत्तरेकडे सरकले. मग २२ जून २०२० ला 'मिशन झिरो' सुरू झालं. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलातून ५० फिरत्या दवाखान्यांच्या गाड्या बाहेर पडल्या. त्या गेल्या मुलुंड, भांडुप, मालाड, कांदिवली, बोरिवली आणि दहिसरला. डॉक्टर गाडीतून वस्तीपर्यंत जायचे, तिथेच प्राथमिक तपासणी करायचे आणि संशयित रुग्णांचे नमुने घ्यायचे. सप्टेंबरमध्ये राज्यभर 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही घरोघरी तपासणीची मोहीम आली. दिशा एकच होती : रुग्णाने येण्याची वाट बघायची नाही.

तिसरी गोष्ट : डॅशबोर्डवर जे येत नाही ते

जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांमध्ये रक्ताचे नमुने घेऊन एक सर्वेक्षण झालं. महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर ही संशोधन संस्था यांनी मिळून ते केलं. एक वॉर्ड आर-उत्तर, म्हणजे दहिसरचा होता. बाकीचे दोन चेंबूर आणि माटुंगा भागातले. पथकांनी लोकांपर्यंत जाऊन ६,९३६ नमुने गोळा केले.

निकाल धक्कादायक होता. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाच्या अँटिबॉडीज सापडल्या, इमारतींमध्ये हे प्रमाण १६ टक्के होतं. म्हणजे या लोकांना संसर्ग होऊन गेला होता.

त्याच वेळी अख्ख्या मुंबईत नोंदवलेले रुग्ण होते साधारण १ लाख १० हजार. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. म्हणजे डॅशबोर्डप्रमाणे शंभरात एकालाही कोरोना झालेला नव्हता आणि वस्तीत शोधायला गेल्यावर निम्म्याहून जास्त लोकांना तो होऊन गेलेला दिसला.

यात डॅशबोर्ड खोटं बोलत नव्हता. त्यात फक्त तपासणी झालेली आणि पॉझिटिव्ह आलेली माणसं होती. ज्यांना लक्षणं नव्हती, ज्यांनी अंगावर काढलं, ज्यांना पॉझिटिव्ह आलो तर रोजगार जाईल अशी भीती होती, ती त्यात नव्हतीच. कार्यालयात बसून स्क्रीन बघणाऱ्याला 'आकडा कमी' आणि 'माहिती कमी' यातला फरक कळत नाही. तो कळायला कोणीतरी तिथे जावं लागतं.

चौथी गोष्ट : ओटीपीच्या रांगेत मागे राहिलेले

१ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण सुरू झालं आणि कोविनवर आधी नोंदणी करणं सक्तीचं झालं. पोर्टल तेव्हा इंग्रजीत होतं. स्लॉट उघडले की काही मिनिटांत संपायचे. ज्याच्याकडे लॅपटॉप, वेगवान इंटरनेट आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसायची सोय, त्याला लस आधी मिळाली. घरकाम करणारी बाई, वॉचमन, डिलिव्हरी करणारा मुलगा मागे राहिले. हीच माणसं रोज सगळ्यात जास्त लोकांच्या संपर्कात येत होती.

सुप्रीम कोर्टाने ३१ मे २०२१ च्या आदेशात या डिजिटल दरीवर बोट ठेवलं. त्याच्या आठवडाभर आधी केंद्राने सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणी करायची मुभा दिली होती. जूनमध्ये पोर्टल मराठीसह इतर भारतीय भाषांमध्ये आलं.

अंथरुणाला खिळलेल्या लोकांचा प्रश्न तर त्याहून बिकट होता. ते ना केंद्रावर येऊ शकत होते, ना रांगेत उभं राहू शकत होते. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, न्यायालयाने वारंवार विचारणा केली आणि अखेर ३० जुलै २०२१ पासून घरी जाऊन लस देण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यासाठी निवडला गेला के-पूर्व, म्हणजे अंधेरी पूर्वचा वॉर्ड. लसीकरण मोहीम सुरू होऊन तेव्हा सहा महिने उलटले होते.

पाचवी गोष्ट : कागदावर लस, दंडात काय?

फटका फक्त वस्त्यांनाच बसला असं नाही. ३० मे २०२१ ला कांदिवलीतल्या एका मोठ्या सोसायटीत लसीकरण शिबिर झालं. सुमारे ३९० जणांनी पैसे भरून लस घेतली. कोणाला मेसेज आला नाही, कोणाला ताप आला नाही. प्रमाणपत्रं आली ती वेगवेगळ्या हॉस्पिटलांच्या नावाने. चौकशीत शिबिरच बोगस निघालं. अशी आणखी शिबिरंही उघडकीस आली. फसवले गेलेले लोक दोन हजारांवर असल्याचं राज्य सरकारने उच्च न्यायालयाला सांगितलं.

स्मार्टफोन, शिक्षण, पैसा, सगळं असलेल्या लोकांच्या बाबतीत हे झालं. कारण शिबिर ठरलं ओळखीतून, पैसे गेले हातोहात आणि प्रमाणपत्र आलं ऑनलाइन. या सगळ्यात वॉर्डाचा आरोग्य अधिकारी कुठेच नव्हता. त्यानंतर महापालिकेने सोसायट्यांसाठी नियम केले आणि अशा शिबिरांवर वॉर्डाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं लक्ष राहील अशी व्यवस्था केली. जो अधिकारी चित्रात नव्हता, त्याला परत चित्रात आणावं लागलं.

सगळ्यात मोठी किंमत मुलांनी मोजली

२०२२ च्या ऑक्टोबरअखेर, घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडच्या पलीकडे, गोवंडीच्या रफी नगरमध्ये काही तासांच्या अंतराने लहान मुलांचे मृत्यू झाले. संशय गोवरचा होता. पुढच्या काही आठवड्यांत साथ मुंबईच्या इतर वॉर्डांमध्ये पसरली आणि केंद्राचं पथक पाहणीला आलं.

गोवरची लस नवीन नाही. नवव्या महिन्यात पहिला डोस, १६ ते २४ महिन्यांत दुसरा, आणि तोही फुकट. पण गोवर हा सगळ्यात वेगाने पसरणाऱ्या आजारांपैकी एक. एक रुग्ण लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना आजारी पाडू शकतो. साथ रोखायची तर साधारण ९५ टक्के मुलांना लस मिळालेली असावी लागते.

कोरोनाच्या दोन वर्षांत ही साखळी तुटली. आरोग्य सेविका कोरोनाच्या कामाला जुंपल्या गेल्या, नेहमीच्या लसीकरणाच्या फेऱ्या विस्कळीत झाल्या, कुटुंबं गावी गेली आणि परत आली. काही घरांमध्ये कोरोना लसीबद्दलच्या अफवांमुळे सगळ्याच लसींची भीती बसली. ज्या बाळाचा डोस राहिला त्याची आई हेल्पलाइनला फोन करून 'आमचा डोस चुकलाय' असं सांगत नाही. ते विचारायला कोणीतरी दारात जावं लागतं, आणि तेही एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

साथ आल्यावर महापालिकेने नेमकं तेच केलं. घरोघरी ताप-पुरळाचं सर्वेक्षण, गल्लीत लसीकरण सत्रं, मौलाना आणि स्थानिक लोकांच्या बैठका आणि डिसेंबरपासून लहान मुलांना जादा डोस.

मग नुसतं दारात गेलं की झालं?

नाही. महाराष्ट्राला हे १८९७ पासून माहीत आहे. पुण्यात प्लेगच्या साथीत वॉल्टर रँडच्या हाताखालचे सैनिक घरात घुसून झडती घेत होते. यंत्रणा अगदी माजघरापर्यंत पोचली होती, पण लोकांचा विश्वास धुळीला मिळाला होता. लोक रुग्ण लपवू लागले. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या.

याच्या उलट उदाहरण पल्स पोलिओचं. १९९५ मध्ये ही मोहीम सुरू झाली आणि पुढे देशभर स्वयंसेवक दारोदार गेले. दारावर खडूने लिहिलेली ती तारीख आणि 'पी' ही खूण आजही अनेकांना आठवत असेल. ज्या घरात मूल राहिलं तिथे 'एक्स', म्हणजे परत यायचं. २०११ च्या जानेवारीत भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडला. राहिलेलं घर लक्षात ठेवून परत जाणं, हीच या मोहिमेची खरी ताकद होती.

म्हणजे जवळ जाणं आणि जोडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी पहिली लागते, पण पहिलीने दुसरी आपोआप मिळत नाही.

लांबून काम करण्याचे फायदे काहीच नाहीत का?

आहेत, आणि ते मोठे आहेत. ई-संजीवनीसारख्या सेवेमुळे घरबसल्या डॉक्टरचा सल्ला मिळतो. वॉर रूम नसती तर बेडचा हिशेबच लागला नसता. ठरावीक आजाराचे रुग्ण कुठे वाढतायत हे नकाशावर लगेच दिसतं.

फरक कामाच्या प्रकारात आहे. माहिती एकत्र करणं, साठा बघणं, अहवाल वाटणं, ठरलेल्या रुग्णाचा पाठपुरावा करणं, हे लांबून होतं. जो अजून यादीतच नाही त्याला शोधणं, लोक काय लपवतायत आणि का हे समजणं, अफवेला समोरासमोर उत्तर देणं, हे लांबून होत नाही.

टीबीच्या रुग्णांसाठीची '९९ डॉट्स' ही पद्धत बघा. गोळी घेतली की पाकिटावर दिसणाऱ्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. सोय चांगली आहे. पण कॉल आला नाही तर गोळी राहिली, की रिचार्ज संपला, की फोन नवऱ्याकडे आहे? यंत्रणेला एवढंच कळतं की कॉल आला नाही. कारण कळायला माणूस पाठवावा लागतो.

अमेरिकेतल्या सीडीसीमध्ये साथीचा माग काढणाऱ्या अधिकाऱ्यांचं एक पथक १९५१ पासून आहे. त्याच्या बोधचिन्हात झिजून भोक पडलेला बुटाचा तळवा आहे. साथरोगाचं काम चालत जाऊनच होतं, हे सांगायला.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

तुमचा वॉर्ड कोणता, जवळची हेल्थ पोस्ट कुठे आणि तुमच्या भागाची आरोग्य सेविका कोण, एवढं माहीत करून घ्या. ती सर्व्हेला आली तर गेटवर 'आमच्याकडे कोणी आजारी नाही' म्हणून परत पाठवू नका. सोसायटीत आरोग्य शिबिर ठरलं तर वॉर्ड ऑफिसला माहिती आहे का, हे विचारा. घरी कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलांचे डोस झालेत का, तेही विचारा. गरज पडली तर तेवढ्यासाठी सुट्टी द्या.

आणि पुढच्या वेळी कोणी अधिकारी पत्रकार परिषदेत डॅशबोर्ड दाखवून 'आकडे नियंत्रणात आहेत' म्हणाला, तर एक प्रश्न विचारायला हरकत नाही : हे आकडे आले कसे, आपण शोधायला गेलो होतो की वाट बघत बसलो होतो?